डावा अंगठा

अल्मा-आता, १४ जानेवारी १९८४

प्रिय आई,

तुझे गुडघे, दादाचा खोकला, लाल गाय आणि तिच्यामागून बाकीची मंडळी, सगळे खुशाल असाल. हे पत्र नेहमीप्रमाणे वहिनी तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी त्यांनाच सांगते. वहिनी, कृपा करून काही गाळू नका. मागच्या खेपेला बेकेनने मला बर्फात ढकललं ते तुम्ही गाळलंत. आईने त्यावर एक अक्षर लिहिलं नाही, तेव्हाच मी समजले.

आई, लग्न एकवीस एप्रिलला ठरलं. आता पुढे ढकलणं नाही. बाबांच्या वर्षश्राद्धापायी एक वर्ष गेलंच आहे आणि मेमध्ये बेकेनला उत्तरेला तेलविहिरींवर हजर व्हायचंय. तिथे लग्न झालेल्यांनाच खोली मिळते, बाकीचे पत्र्याच्या डब्यात झोपतात.

काल त्याच्या आईने मला समोर बसवून विचारलं, "मुली, तुझी आई कोणती?" मी म्हटलं, आमच्याकडे घरोघरी असतं तेच. पहिलं मूल आजी-आजोबांचं. जन्म वहिनीने दिला, वाढवलं आजीने, म्हणून आई म्हणजे तीच. आणि जन्मदाता बाप माझा दादा. त्या म्हणाल्या, "ते मला नको शिकवूस, माझीही थोरली सासूच्या मांडीवर वाढली. मी विचारते ते दुधाच्या मानाचं, मुलीच्या आईला वराकडून मिळतो त्याचं. चपान, मानाचा झगा, शिवायला टाकायचाय. तो कोणाच्या खांद्यावर घालायचा?" मी म्हटलं, आईच्या. त्या म्हणाल्या, "घरच्यांच्या तोंडून येऊ दे." तर तुझ्या तोंडून येऊ दे, आई. म्हणजे त्या दिवशी मांडवात कुणी उगाच पुढे सरसावायला नको.

दुसरी बातमी. आमच्या मासिकाचा मार्चचा अंक आई आणि मुली यांच्यावर आहे. तुला माहीत आहे, वाचकांची पत्रं निवडणं हे माझं काम. रोज शंभर बायका आपल्या आईविषयी लिहितात. निम्म्या देव्हाऱ्यात बसवून लिहितात, निम्म्या कोर्टात उभं करून. तिसऱ्या ओळीला मला कळतं की कोण खरं बोलतंय. म्हणून मी तुझी पत्रं संपादकबाईंना दाखवली. वसतिगृहात होते तेव्हापासूनची सगळी. त्या हसल्या, मग डोळे पुसले, आणि म्हणाल्या, हीच छापायची. अक्षर वहिनींचं असलं म्हणून काय झालं, आवाज तुझा आहे. वहिनींचा आवाज मला ठाऊक आहे. तो पत्राच्या तळाशी असतो: "सगळे ठीक. उणे तीस."

तुझी
अक्तोती

*

काराबुलाक, २५ जानेवारी

माझ्या उंटाच्या पिल्ला,

पत्र पोचलं. तुझी वहिनी वाचत होती आणि मी वाळल्या दह्याचं कुर्त चघळत होते. "काही गाळू नका" इथे आली तेव्हा जरा थबकली, मग पुढे निघाली. तिला गाळायचंच असतं तर तिने आधी स्वतःला गाळलं असतं, म्हणून तू निर्धास्त राहा. बर्फात ढकलल्याचंही कळलं. त्याला सांग, नवऱ्याने बायकोला एकदा ढकलावं, पण उठवताना हात दोन्ही द्यावेत.

माझी पत्रं छापणार म्हणतेस? अगं, त्यातल्या एकात मी तुला उवा कशा काढायच्या ते लिहिलंय! साऱ्या देशाला कळेल की दुरियाच्या पोरीच्या डोक्यात उवा होत्या. बेकेनची आई तर चपानच रद्द करेल. छापायचीच असतील तर उवा वगळ, आणि ज्यात तुझ्या बाबांना मी बैल म्हटलंय तेही वगळ. ते गेले बिचारे, आता बैल म्हणायला मीच उरले.

दुधाच्या मानाचं मला थोडा विचार करू दे. हा चहा नव्हे, ओतला की झाला.

टोपी घालत जा. शहरात सगळ्या उघड्या डोक्याने हिंडतात म्हणून तू हिंडू नकोस, त्यांना आया नाहीत.

तुझी आई
(खाली माझा अंगठा)

वन्सं, सगळे ठीक. उणे एकतीस. — कुल्पाश

*

काराबुलाक, २६ जानेवारी

राबिगाताई,

हे वाचलं की स्टेशनच्या खानावळीतल्या चुलीत घाल. अयागोझमध्ये भिंतींनाही कान आहेत, आणि तुझ्या हाताखालच्या बाया तर नुसत्या कानच आहेत.

सासूबाई ऑक्टोबरात पडल्या. मेंढ्या खाली आणल्या त्याच आठवड्यात, दूध गाळता गाळता. उजवं अंग गेलं, जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, जगतील, बोलतीलच असं नाही. समजतं सगळं. मी चहात मीठ कमी घातलं तर अजून तशाच बघतात. शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा डावं बोट ओठांवर ठेवलं आणि भिंतीवरच्या अक्तोतीच्या फोटोकडे दाखवलं. तिला सांगायचं नाही. आमचे हे, मौलेनही म्हणाले, सांगायचं नाही. आजारी आईला टाकून ती मांडवात उभी राहणार नाही, लग्न पुन्हा लांबेल आणि मुलगा जाईल निघून.

पाहिलंस, इथे तिचं नाव लिहिलं. तुझ्यापाशीच लिहिते. घरात ती नवऱ्याची धाकटी बहीण, आणि सुनेने नवऱ्याच्या माणसांचं नाव घ्यायचं नाही. तेवीस वर्षांत मी तिला तोंडाने एकदाही नावाने हाक मारलेली नाही. वन्सं म्हणते.

तर पत्रं आता मी लिहिते. पण ताई, खरं सांगू का, आधीही मीच लिहायचे. त्यांना जुनी लिपी येते, ही नवी नाही. मला पुढ्यात बसवायच्या आणि सांगायच्या, "लिही: नीट जेव. लिही: टोपी घाल." इतकं झालं की उठायच्या. "बाकी तुला सुचेल ते लिही," म्हणायच्या आणि गाईकडे निघून जायच्या. मी लिहायचे. परत आल्या की वाचून दाखवायचे, मग खो खो हसायच्या आणि अंगठा उठवायच्या. त्यातलं कुठलं त्यांचं आणि कुठलं माझं, ते आता मलाही सांगता येणार नाही. शेवटी माझी म्हणून एक ओळ लिहायचे. त्या ओळीला माझ्याजवळ काही उरलेलं नसायचं.

आता ती विचारतेय, दुधाचा मान कोणाचा. विचारतेय सासूबाईंना. उत्तर लिहायचंय मला. चाळीस दिवस पाजलं आणि एकेचाळिसाव्या दिवशी तिला पलीकडच्या खोलीत नेलं. एकोणीस वर्षांची होते मी. छाती फडक्याने घट्ट बांधली होती आणि ती रडली की फडकं भिजायचं. पुढे दोन मुलगे झाले, ते मला आई म्हणतात, मी ओ देते. पण पहिला कान अजून पलीकडच्या खोलीकडेच असतो. काय लिहू, ताई?

तुझी
कुल्पाश

*

अयागोझ, २ फेब्रुवारी

कुल्पाश,

चुलीत घातलं. आधी दोनदा वाचलं.

काय लिहू म्हणून विचारतेस? पेन तुझ्या हातात आहे ना, बाई? मग लिही: "दुधाचा मान तुझ्या वहिनीला दे." एक ओळ. म्हातारी काय उठून खोडणार आहे? जन्मभर दुधाची तहान ताकावर भागवलीस, आता दूध दारात आलंय तर भांडं पालथं घालू नकोस. चपान तुझ्या खांद्यावर पडला तर आभाळ कोसळायचं नाही.

आणि दुसरं ऐक, हे चेष्टेत नाही. ती मुलगी तुझ्यावर आधीच खार खाऊन आहे. उद्या म्हातारीचं लग्नाआधी बरंवाईट झालं, आणि हिला कळलं की पाच महिने हिने मेलेल्या जिभेची पत्रं वाचली, तर ती तुझं तोंड बघणार नाही. मौलेनचं काय, तो पुरुष, खोकला काढून मोकळा होईल. बोलणी तुला बसतील. आत्ता सांगून टाक, नाहीतर हात दाखवून अवलक्षण होईल.

लाकडं संपली असतील तर मालगाडीच्या माणसाबरोबर कोळसा पाठवते. कळव.

राबिगा

*

काराबुलाक, १० फेब्रुवारी

माझ्या उंटाच्या पिल्ला,

तू विचारलेल्याचं उत्तर देते. दुधाचा मान माझा. चपान माझ्या खांद्यावर घालायचा. बेकेनच्या आईला तसं सांग.

तुझ्या वहिनीचं म्हणशील तर तिने काय केलं? जन्म दिला. तो मेंढीही देते. चाळीस दिवस पाजलं, आणि तेही तू धड प्यायची नाहीस. डावीकडेच प्यायचीस, उजवीकडे घेतलं की मुठी आवळून तोंड फिरवायचीस. मग पोट भरलं की झोपेतच हसल्यासारखं करून एक थेंब गालावर सोडून द्यायचीस. एवढ्यावर कोणी मान मागत नाही. तिला चुलीपाशी राहू दे, तिथे ती शोभते. लग्नाच्या दिवशी शंभर माणसांचं मटण काय आपोआप शिजणार आहे?

टोपी घाल.

तुझी आई
(खाली माझा अंगठा)

वन्सं, सगळे ठीक. उणे अठ्ठावीस. — कुल्पाश

*

अल्मा-आता, २० फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र आईसाठी नाही. वाचून दाखवायला कोणी असेल की नाही, तेच मला माहीत नाही.

परवा छापखान्यातून आईची सत्तावीस पत्रं परत आली. अंक छपाईला गेला. तुमचं दहा तारखेचं पत्र त्याच दिवशी आलं. मी ते वाचलं, आणि तिसऱ्या ओळीशी नव्हे, पण सातव्या-आठव्या ओळीशी अडकले. डावीकडेच प्यायचीस. हे आईला कसं माहीत? आईने मला बाटलीने लाल गाईच्या आजीचं दूध पाजलं, ही गोष्ट तिने मला हजारदा सांगितलीय. मुठी आवळून तोंड फिरवलेलं कोणाला कळतं? जिच्या अंगावर मूल असतं तिलाच.

मग मी सगळी पत्रं टेबलावर पसरली. जुन्या प्रत्येक पत्राखाली आईचा उजवा अंगठा आहे, मधोमध आडवा वण, मेंढ्या कातरताना कात्री लागली होती तो. लहानपणी मी तो वण धरून झोपायचे. ऑक्टोबरनंतर चार पत्रं आली. चारांवरही वण नाही.

हा अंगठा कोणाचा, वहिनी? तुमचा?

आई आहे ना?

पाच महिने मी कोणाशी बोलत होते? कुर्त चघळत होती म्हणालात, हसले मी. बेकेनला वाचून दाखवलं. आणि वर तिच्या तोंडून स्वतःला मेंढी म्हणवून घेतलंत, का, तर मला दया यावी? का मी पुढे होऊन म्हणावं, नको नको, चपान वहिनीलाच घाला? मी रोज असली पत्रं वाचते. रडून मागणाऱ्या बायका मला कळतात, न मागता मागणाऱ्याही कळतात. तुम्ही मला कोकरासारखं पलीकडच्या खोलीत दिलंत, एक शब्द काढला नाहीत. तेवीस वर्षांत मला जवळ घेतलं नाहीत, नावाने हाक मारली नाहीत. ते सगळं रीत म्हणून सोडून दिलं. पण मला एकच आई मिळाली होती. ती गेली हेही तुम्ही माझ्यापासून लपवत असाल तर ते रीत म्हणून सोडणार नाही.

बर्फाने रस्ता बंद आहे म्हणतात. गावच्या सामुदायिक शेताच्या कचेरीतला टेलिफोन लागत नाही. तार करा. दोन शब्द पुरेत.

अक्तोती

*

तार. काराबुलाक, २७ फेब्रुवारी

आई जिवंत. अंगठा त्यांचाच डावा. पत्र मागोमाग. कुल्पाश

*

काराबुलाक, २७ फेब्रुवारी

धाकट्या वन्सं,

सासूबाई जिवंत आहेत. ऑक्टोबरात अर्धांग झालं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. जेवण पातळ. समज शाबूत. तुम्हाला कळवू नये असं त्यांनीच खुणेने सांगितलं. लग्न पुढे जाऊ नये म्हणून.

एवढं लिहून मी नेहमी थांबते. आज थांबून चालणार नाही.

टपालवाल्याने घोड्यावरून आणलेलं तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. एक शब्द गाळला नाही. कोकरू, मेंढी, सगळं वाचलं. त्यांनी ऐकलं, आणि "आई आहे ना" इथे डाव्या हाताने माझं मनगट धरलं. अजून वळ आहे. मग उठवायला लावलं आणि टपाल कचेरीकडे बोट केलं. तार मी केली पण धाडली त्यांनी.

पत्रं मी लिहिली हे खरं. पण अंगठा माझा नाही. तेवढं खोटं माझ्या हातून झालं नसतं. लिहून झालं की मी त्यांना वाचून दाखवायचे, त्या मान हलवायच्या तरच शाई लावायचे. डावा अंगठा तुम्ही ओळखाल असं मला वाटलं नव्हतं. वण धरून झोपायचात ते मला ठाऊक होतं. पलीकडच्या खोलीत झोपायचात ना, मला दारातून दिसायचं.

दहा तारखेचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली नाही. तोंड भिंतीकडे केलं. मी शाईची डबी धरून बराच वेळ बसले, चहा दोनदा उकळला, शेवटी त्यांनी हात पुढे केला, पण रागाने. कागदावर शाई फराटली ती त्यामुळे. त्यांना ते उत्तर नको होतं. मी लिहिलं कारण माझ्यापुढे दुसरं काय होतं? ज्या बाईला बोलता येत नाही तिच्या तोंडी "मान कुल्पाशला द्या" असं घालू? ती चोरी झाली असती. मग म्हटलं, उलट लिहावं, आणि असं कडक लिहावं की माझ्याच मनात पुन्हा काही येऊ नये. तुम्हाला दया यावी म्हणून नाही लिहिलं. पण लिहिता लिहिता दुधाचं आलं. ते कसं आलं मला कळलं नाही. तेवढ्या दोन ओळी माझ्या होत्या, आणि त्यांनीच मला पकडून दिलं.

दिलंत म्हणता. मला कोणी विचारलं नव्हतं, वन्सं. नाही म्हणता येतं हेही मला माहीत नव्हतं. सासूसासऱ्यांसमोर आपलं मूल कुरवाळणं म्हणजे निर्लज्जपणा, असं माझ्या आईने मला शिकवून पाठवलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि मारणारं कोणी नाही, म्हणजे रागावायचीही सोय नाही. म्हणून मी थंडी किती ते लिहायचे. उणे तीस लिहिलं की तुम्ही टोपी घालाल, एवढंच त्या ओळीत असायचं.

पण एक गोष्ट सांगते, सासूबाईंवर रागावू नका. "बाकी तुला सुचेल ते लिही," असं म्हणून त्या दर वेळी उठून गाईकडे जायच्या. गाय तेव्हा दूध देत असो नसो. मला वाटायचं, म्हातारीला पत्राचा कंटाळा आहे. बऱ्याच वर्षांनी एकदा मी खिडकीतून पाहिलं, तर त्या गोठ्याबाहेर बर्फात नुसत्या उभ्या होत्या, हात काखेत घालून. माझं लिहून व्हायची वाट बघत.

रस्ता पहिल्या तारखेला उघडेल म्हणतात.

उणे बावीस.

कुल्पाश

*

अल्मा-आता, १४ मार्च

वहिनी,

तीन दिवस घरी राहिले आणि तुमच्याशी धड बोलले नाही. आईचा हात सुटत नव्हता हे एक कारण. दुसरं कारण असं की मी तोंड उघडलं असतं तर आधी काय बाहेर पडेल, राग की दुसरं काही, याची मला खात्री नव्हती. तुम्ही मला चहा दिलात, साय माझ्याच पेल्यात घातलीत. ते मी पाहिलं. आधीही घालत असाल. पाहिलं नव्हतं.

पहिल्यांदा आईला निरोप पोचवा: आई, लग्न ठरल्या दिवशीच आहे, तुझ्या पलंगापाशी आहे, आणि तू डाव्या हाताने बेकेनचा कान पिरगाळलास ते त्याला फार आवडलं. तो सगळ्यांना दाखवत सुटलाय.

आता तुमच्यासाठी. अंक निघाला. "दुरिया आजीची पत्रं." रोज पिशवीभर टपाल येतंय. एका बाईने लिहिलंय की अशी आई मला असती तर मी घर सोडून पळाले नसते. संपादकबाई म्हणाल्या, या बाईंकडून आणखी लिहून घे. तीन ओळींत ओळखणारी मी. वसतिगृहापासून दहा वर्षं तुमची पत्रं उशाशी घेऊन झोपले, आणि तुमच्या नावावर एका ओळीची थंडी मांडून ठेवली होती.

बेकेनच्या आईला मी सगळं सांगितलं. विचारलं, दोन चपान चालतील का. त्यांनी कपाळाला हात लावला. "दूध एक, मान एक," म्हणाल्या. "माझ्या थोरलीच्या लग्नात मीही सासूलाच चपान घालू दिला. मेले का मी?" मग म्हणाल्या, "मेले नाही. पण त्या दिवशी सबंध दिवस भांडी घासली."

मला निवडता येत नाही. म्हणून विचारते, आणि वन्सं म्हणून उत्तर देऊ नका. तुम्हाला तो मान हवा आहे का?

अक्तोती

*

काराबुलाक, २५ मार्च

धाकट्या वन्सं,

लाल गाय व्याली. कालवड आहे. पायांवर उभी राहिली.

हवा आहे का म्हणून विचारलंत. हवा आहे. तेवीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, माझं झालं. आता तो सासूबाईंना द्या. त्या तुमच्या आई आहेत, त्या बसल्या आहेत, आणि त्यांना दिसतंय तोवर त्यांच्या खांद्यावर पडू दे. माझं दूध चाळीस दिवसांचं होतं. त्या बर्फात उभ्या राहिल्या त्याचा हिशेब कोणी लावायचा?

मटणाची काळजी नको. राबिगाताई येतेय.

उणे चार. टोपी घातली नाहीत तरी चालेल, पण घाला.

कुल्पाश

*

काराबुलाक, २३ एप्रिल

परवा तुमची गाडी टेकडीआड गेली आणि मंडळी जेवायला बसली. चपान सासूबाईंच्या खांद्यावर होता. निळा मखमली, सोन्याच्या दोऱ्यांचा. सगळ्यांनी वाहवा केली. तुम्ही पाया पडलात तेव्हा त्या रडल्या, ते तुम्ही पाहिलंतच. मी दारात होते. ठरल्याप्रमाणे.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत, म्हणून लिहिते.

त्यांचं उजवं अंग खाली उतरतं, म्हणून चपान त्या बाजूने घसरायला लागला. तुमच्या दादांनी सारखा केला, परत घसरला. राबिगाताईने पिन लावली, तर त्यांनी डाव्या हाताने पिन ओढून काढली आणि ताईच्या अंगावर फेकली. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा बेकेनच्या आई ताटावरून ओरडल्या, "अगं सूनबाई, बघत काय उभी राहिलीस? तिथे बसून धर की!" मी हात पुसले आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन बसले, टेकू दिला. घसरलेली बाजू माझ्या खांद्यावर आली. मी काढायला गेले तर त्यांनी मनगट धरलं. तिथेच, जिथे वळ होता. जेवणं होईपर्यंत सोडलं नाही. शंभर माणसं होती, वन्सं. बेकेनच्या आईंनी एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि मग सबंध वेळ स्वतःच्या ताटात पाहत राहिल्या.

आज सकाळी पाहुणे गेले. सासूबाईंनी कपाटाकडे बोट केलं. मी औषध आणलं, ते नको. पाणी, नको. शेवटी कागद आणि शाईची डबी आणली तेव्हा मान हलली. मी नेहमीसारखी पुढ्यात बसले, म्हटलं, सांगा, काय लिहू? बोलता येत नाही हे विसरूनच विचारलं. त्यांनी डबीत अंगठा बुडवला आणि कोऱ्या कागदाच्या तळाशी उठवला. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, आधी मला लिहू तर द्या, वाचून तर दाखवू द्या. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे केलं. या वेळी रागाने नाही. उठून गोठ्याकडे जाता येत नाही, म्हणून भिंतीकडे वळल्या.

हाच तो कागद. खाली त्यांचा अंगठा आहे आणि वरची जागा त्यांनी मला सोडलीय. इतका वेळ मी चपानाविषयीच लिहीत बसले, भीतीने. आता फार जागा उरली नाही.

अक्तोती. अक्तोती. अक्तोती, माझ्या उंटाच्या पिल्ला, तिकडे थंडी उणे पन्नास असते म्हणतात. नीट जेव. भांडलात तर उपाशी झोपू नकोस. पहिलं मूल झालं आणि कोणी मागायला आलं, तर तुला काय हवंय ते मोठ्याने सांग, कुणी विचारलं नाही तरी. आणि टोपी घाल.

तुझी आई
(खाली डावा अंगठा)